शेगडी आपली, मग राउटर का नाही?

रविवारी सकाळी दहाची वेळ आमच्या घरात आईची असते. मेलबर्नला तेव्हा दुपार असते. नात तिकडून टॅबलेटवर दिसते, आई चष्मा पुसून तिला न्याहाळते आणि मग पाऊणएक तास दोघींच्या गप्पा चालतात. गेल्या वर्षी पावसाळ्यात दोन रविवार या गप्पा झाल्याच नाहीत. पहिल्या वेळी आम्हाला वाटलं, तिकडे काही गडबड असेल. दुसऱ्या रविवारी आई मागच्या खोलीत टॅबलेट मांडीवर घेऊन नुसतीच बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, ‘‘अरे, मागच्या खेपेला मी तिला अभ्यासावरून बोलले ना, ते लागलं असेल पोरीला. लागतच नाही फोन.’’

टॅबलेट हातात घेतला आणि माझ्या लक्षात आलं. नात रागावलेली नव्हती. आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली होती. नव्या कंपनीने नवा डबा बसवला, त्याचं नाव नवं, पासवर्ड नवा. तो आम्ही आमच्या फोनमध्ये घातला, मुलाच्या लॅपटॉपमध्ये घातला, टीव्हीत घातला. आईचा टॅबलेट तेवढा राहून गेला. गंमत म्हणजे तिकडे नातही ‘आजी चिडली वाटतं’ म्हणून गप्प बसली होती.

आमच्या भाईंदरमध्ये इंटरनेटची कंपनी बदलणं ही काही मोठी घटना राहिलेली नाही. इमारतीच्या जिन्यात तीन-चार कंपन्यांच्या वायरी लोंबत असतात. एकीचा वेग रात्री नऊनंतर मंदावतो, दुसरीची वायर पहिल्या पावसात दगा देते, तिसरी सहा महिन्यांची स्वस्त योजना घेऊन दारात येते. सहा वर्षांत आम्ही तीनदा बदललो. दर वेळी जुना डबा परत गेला, नवा आला आणि घरातली डझनभर उपकरणं नव्याने जोडत बसावं लागलं. डबा ‘फुकट’ असतो म्हणतात. पण त्याचं डिपॉझिट किंवा भाडं कुठेतरी धरलेलं असतं आणि डबा परत करायच्या कटकटीपायी माणूस नको असलेली कंपनीही चालवून घेतो.

थोडं जुनं आठवून पाहा. एकेकाळी टेलिफोनचं ते काळं, जड यंत्रही खात्याच्याच मालकीचं असे. १९४८ साली बंगळूरला सुरू झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्यात ती यंत्रं बनत. मुंबईचे टेलिफोन १९८६ साली महानगर टेलिफोन निगमकडे आले. पुढे बाजारात बटणांचे रंगीत फोन मिळू लागले आणि आपल्या पसंतीचं यंत्र आणून जोडणं ही साधी गोष्ट झाली. अमेरिकेत यासाठी भांडावं लागलं. टेक्सासमधल्या टॉमस कार्टर यांनी वायरलेस संच टेलिफोनला जोडणारं एक उपकरण बनवलं होतं. टेलिफोन कंपनीने हरकत घेतली. १९६८ साली तिथल्या दळणवळण आयोगाने निर्णय दिला की, यंत्रणेला अपाय होत नसेल तर ग्राहकाने स्वतःचं उपकरण जोडायला मनाई करता येणार नाही. जर्मनीत तर १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे. राउटर कोणता वापरायचा हे ग्राहक ठरवतो आणि जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीने त्याला द्यायची असते.

पण हे समजायला जर्मनीपर्यंत जायची गरज नाही. स्वयंपाकघरात डोकावलं तरी पुरे. सिलिंडर आणि रेग्युलेटर गॅस कंपनीचे, डिपॉझिट भरून घेतलेले. बदली झाली की ते परत करायचे. शेगडी मात्र आपली. उद्या गावी गेलो किंवा पाइपचा गॅस आला, तरी शेगडी आपल्याबरोबर येते, फार तर तिचं नोझल बदलावं लागतं.

इंटरनेटचंही असंच आहे. फायबरची काचेची तार घरात येते ती एका डब्यात. तारेतून प्रकाशाच्या रूपात आलेले संदेश विजेच्या संदेशात बदलणं हे त्याचं काम. त्याला ओएनटी म्हणतात. हा झाला रेग्युलेटर. त्याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत असते, म्हणून तो सहसा त्यांचाच ठेवावा लागतो. आलेलं इंटरनेट घरभर वाटणं, वाय-फाय पसरवणं हे राउटरचं काम. ही शेगडी. हल्ली पुष्कळदा दोन्ही कामं एकाच डब्यात असतात, त्यामुळे सगळंच कंपनीचं आहे असा आपला समज होतो.

म्हणून कंपनी बदलताना, पैसे भरण्याआधी, तीन प्रश्न विचारावेत. माझा राउटर जोडू द्याल का? तुमचा डबा ‘ब्रिज मोड’वर, म्हणजे नुसता रेग्युलेटर म्हणून, ठेवून द्याल का? जोडणीचं युजरनेम आणि पासवर्ड मला द्याल का? काही कंपन्या राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, नोंदवून घेतात. तो आधीच कळवावा. ब्रिज मोड देत नसतील तरी अडत नाही. त्यांच्या डब्यातून एक लॅन केबल आपल्या राउटरला आणायची आणि त्यांचं वाय-फाय बंद करायचं. घरगुती वापराला एवढं पुरतं. लँडलाइन फोन मात्र कंपनीच्या डब्यालाच लावलेला असतो, तो तिथून हलवू नये.

राउटर घेताना दुकानदार अँटेना मोजून दाखवतो. तिकडे लक्ष देऊ नका. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा. वायरीच्या जोडणीपुढे ‘१०/१००’ एवढंच लिहिलेलं असेल, तर दोनशे एमबीपीएसचे पैसे भरूनही शंभरावर वेग मिळणार नाही. तिथे ‘गिगाबिट’ हवं. दुसरं, तो दोन पट्ट्यांवर चालणारा हवा. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींपलीकडे लांब पोहोचते, पण सगळ्या इमारतीची तिच्यावर गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंती आल्या की दमते. आमचा राउटर अडीच हजारांच्या आत आला. बिल आणि वॉरंटीचा कागद जपून ठेवावा. राउटर बसवल्या दिवशी त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. आणि तो दारावर, टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी न ठेवता घराच्या मध्यावर, जरा उंच ठेवावा. कंपनीचा माणूस वायर जिथे संपते तिथेच डबा ठोकतो. आमच्या मागच्या खोलीत वाय-फाय न पोहोचण्याचं निम्मं कारण तेच होतं.

जुना डबा परत करताना त्याच्या मागच्या भोकात टाचणी दाबून तो कोरा करावा, अनुक्रमांकाचा फोटो काढावा आणि पावती घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नये. आमचं एक डिपॉझिट पावतीअभावी बुडालं, तेव्हा हे शहाणपण आलं.

प्रत्येकाने राउटर विकत घ्यावाच असं नाही. भाड्याच्या घरात वर्षभरासाठीच असाल, घरात दोनच फोन असतील, बिघडलं की सगळं कंपनीनेच बघावं असं वाटत असेल, तर त्यांचा डबा बरा. आपला राउटर बिघडला तर दुकान आपल्यालाच गाठावं लागतं आणि कंपनीचा माणूस ‘दोष तुमच्या राउटरमध्ये आहे’ म्हणून मोकळा होतो. अशा वेळी लॅपटॉप थेट कंपनीच्या डब्याला जोडून पाहावा. खरं-खोटं लगेच कळतं.

यंदा मार्चमध्ये आम्ही पुन्हा कंपनी बदलली. शनिवारी दुपारी एक मुलगा आला, नवी तार ओढली, जुना डबा काढून नवा लावला. आमचा राउटर जिथे होता तिथेच राहिला. नाव तेच, पासवर्ड तोच. रविवारी सकाळी दहा वाजता मागच्या खोलीतून नेहमीसारखा आईचा आवाज आला, ‘‘अगं, जरा उजेडात ये, तोंड दिसत नाही तुझं!’’ आपल्या घरातली इंटरनेटची कंपनी बदलली, हे तिला आजही ठाऊक नाही.