आडवी दोरी

पालेंके (चियापास, मेक्सिको), मार्चअखेर

गतिरोधकावर गाडी हळू झाली आणि समोर दोरी आडवी आली. एका टोकाला दहा-अकरा वर्षांची मुलगी, दुसऱ्या टोकाला तिच्याहून धाकटी. दोघींनी दोरी कमरेइतकी ताणून धरलेली, मध्ये लाल फडकं बांधलेलं. थोरलीच्या मोकळ्या हातात केळ्यांची फणी. ड्रायव्हर काहीच बोलला नाही. काच खाली केली, वीस पेसो दिले (आपले शंभरेक रुपये), केळी घेतली. दोरी डांबरावर टेकली, आम्ही पुढे निघालो.

"वर्गणी दिसतीया," मागच्या सीटवरून मामा म्हणाले. "गणपतीची का शिवजयंतीची, तेवढं इच्यारायचं ऱ्हायलं."

मामा तासगावचे द्राक्षबागाईतदार. बाग आणि बेदाण्याचं शेड थोरल्याच्या हवाली करून महिनाभर माझ्याकडे मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात आले आहेत. माझं गाव कराडजवळ, आजोळ तासगावकडे. त्यामुळे सातारा आणि सांगली म्हणजे माझ्या लेखी एकाच घराची पडवी आणि परसू. 1949पर्यंत कागदोपत्रीही कराड आणि तासगाव दोन्ही साताऱ्यातच होती. मामांना एवढ्या लांब आणलंय तर माया लोकांचं जंगलातलं जुनं नगर आणि धबधबे दाखवावेत, म्हणून चियापासला आलो. हे मेक्सिकोचं अगदी दक्षिणेकडचं राज्य, ग्वातेमालाच्या सीमेवरचं.

पालेंके हे नाव स्पॅनिश. अर्थ कुंपण किंवा तटबंदी. मूळ नगराचं नाव 'लाकाम हा', म्हणजे मोठं पाणी. माया भाषांमध्ये 'हा' म्हणजे पाणी; इथल्या गावांच्या आणि ओढ्यांच्या नावांत हा 'हा' सारखा भेटत राहतो. नाव खोटं नाही. भग्नावशेषांमधून ओढेच ओढे वाहतात. त्यांतला ओतुलुम नावाचा ओढा बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी राजवाड्याच्या कडेने दगडी पाटात घातलेला आहे, वर दगडांचं छत. खरी कमान या लोकांनी बांधली नाही. दोन्ही बाजूंचे दगड वरवर एकेक बोट पुढे सरकवत नेऊन माथ्यावर मिळवायचे, ही त्यांची रीत. आपल्या हेमाडपंती देवळांची छतं अशीच पुढे सरकत मिटतात. मामा पिरॅमिडकडे पाठ करून त्या पाटाशी पाच मिनिटं वाकून उभे. "उतार बघ कसा दिलाय. ह्ये कुनी पाटकऱ्यानं केल्यालं काम हाय, राजानं न्हवं."

राजाचं कामही समोरच उभं होतं. शिलालेखांचं मंदिर म्हणतात त्या पिरॅमिडच्या पोटात पाकाल राजाचं थडगं आहे. पाकाल जन्मला 603 साली, बाराव्या वर्षी 615 साली गादीवर बसला आणि 683मध्ये मेला. अडुसष्ट वर्षांचं राज्य. तो मुलगा गादीवर आला तेव्हा आपल्याकडे बदामीच्या गादीवर दुसरा पुलकेशी होता. आल्बेर्तो रूस या पुराणवस्तुसंशोधकाला 1949मध्ये वरच्या देवळातल्या फरशीत भोकं असलेला एक दगड दिसला. तो उचलला तर खाली दगडमातीने मुद्दाम गच्च बुजवलेला जिना. तो उपसायला चार हंगाम गेले. 1952मध्ये तळाशी पोचले तेव्हा खोलीभर दगडी पेटी, साडेतीन मीटरहून लांब कोरीव झाकण आणि आत हिरव्या जेडचा मुखवटा घातलेला राजा. आमच्या शाळेच्या दिवसांत डॅनिकेनच्या पुस्तकांची भाषांतरं गावोगाव फिरायची. त्याला याच झाकणावर यानात बसलेला अंतराळवीर दिसला होता. मला विचाराल तर झाकणापेक्षा पेटीच्या कडा बघाव्यात, निदान चित्रांत तरी. थडगं आता पर्यटकांना बंद आहे. कडांवर पाकालचे पूर्वज जमिनीतून उगवताना कोरलेत. प्रत्येकाच्या पाठीशी एक फळझाड. कोणाच्या कोकोचं, कोणाच्या अवोकाडोचं, एकाच्या पाठीशी चक्क पेरूचं. आजोबांच्या नावाने बांधावर आंबा लावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

झाडांचं आणखी थोडं. या रानात चिकू आपोआप उगवतो. हे त्याचं माहेर. मका, मिरची, टोमॅटो, सीताफळ, सगळं या बाजूच्या खंडातून गेलं. आपण एका फळाला सीतेचं नाव दिलं आणि ते परदेशी आहे हे विसरलो. दसऱ्याला ट्रॅक्टरला बांधतो तो झेंडू मूळ मेक्सिकोचा. 2 नोव्हेंबरला, म्हणजे यांच्या सर्वपित्रीला, थडग्यांपर्यंत त्याच्याच पाकळ्यांच्या वाटा घालतात. आणि आपल्या प्रत्येक जुन्या देवळाच्या आवारात वाकडातिकडा वाढलेला पांढरा चाफा, तोही इकडचाच. तिकीटघराजवळ एक फुलून उभा होता. मामांनी सवयीने खाली पडलेलं एक फूल उचलून खिशात टाकलं.

या दगडांवरची लिपी हा माझा स्वतःचा नाद. बराच काळ बहुतेक अभ्यासकांना वाटत होतं, ही उच्चार लिहिणारी लिपी नव्हे. 1952मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन माणसाने मांडलं की यांतली बरीच चिन्हं अक्षरं आहेत आणि तीही व्यंजन अधिक स्वर अशी, म्हणजे आपल्या बाराखडीच्या जातीची. पाकाल म्हणजे ढाल. कोरणारा कधी नुसती ढाल काढतो, तर कधी पा-का-ला अशी तीन अक्षरं लिहितो. शेवटचा स्वर लिहायचा पण म्हणायचा नाही. इंग्रजी पुस्तकं या न उच्चारायच्या स्वरावर पानंच्या पानं खर्च करतात. मराठी माणसाला त्यात नवल कसलं? आपणही 'कमल' लिहितो आणि शेवटचा 'अ' गिळून टाकतो. इथल्या संग्रहालयात काचेला नाक लावून मी ती तीन अक्षरं शोधली आणि पहिलीच्या पोरासारखी जोडून वाचली. आकडेही सोपे: ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि वीस झाले की पुढचं घर. माझी आजी अंडी आणि शेणी विसाविसांनीच मोजायची. "तीन इसा आन् सात." पाकालच्या दरबारात तिला कारकुनी मिळाली असती.

आठव्या शतकाच्या अखेरीस हे नगर ओस पडायला लागलं आणि रानाने ते गिळलं. चौदाशेच्या वर वास्तूंची नोंद झाली आहे, उकरलेल्या अगदी थोड्या. बाकीच्या झाडांखाली टेकाडं होऊन पडून आहेत. वरून साराग्वातो माकडं ओरडतात. माकड कसलं, वाघच. पहिल्या आवाजाला मामा माझ्या दंडाला धरून थांबले. उमेदीत चांदोलीच्या बाजूला फिरलेला माणूस रानात असा आवाज ऐकून हसण्यावारी नेत नाही.

आता मूळ मुद्दा. 'माया संस्कृती लुप्त झाली' असं आपल्या पुस्तकांत छापलेलं असतं. लुप्त झाले राजे. माणसं इथेच आहेत. पिरॅमिडकडे जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा फडकी अंथरून चोल बायका-पुरुष बसतात. लाकडाचे मुखवटे, चामड्यावर रंगवलेलं पाकालचं झाकण, मातीच्या शिट्ट्या. आपसांत बोलतात ती चोल भाषा, आणि दगडांवरच्या जुन्या भाषेशी तिचं सख्खं नातं आहे. मेक्सिकोने अशा 68 मूळ भाषांना कायद्याने मान दिलाय. पण ज्यांच्या पूर्वजांनी हे नगर बांधलं ते नगराच्या आत फडकं पसरून ग्राहकाची वाट बघतात. तिकीट फाडतं ते सरकार. एक तिकीट राष्ट्रीय उद्यानाचं, दुसरं पुरातत्त्व खात्याचं. भग्नावशेष राष्ट्राची मालमत्ता, असा इथला कायदा आहे.

गाडी वीस किलोमीटर पुढे गेली की चित्र उलटं होतं.

मिसोल-हा हा 35 मीटरचा एकच उभा धबधबा, खाली गोल डोह. कड्याच्या पोटात पाण्यामागून जायला वाट आहे. मी पुढे, मामा मागे, एक हात ओल्या दगडावर. समोर पांढरा पडदा, पलीकडची झाडं थरथरत दिसतात आणि कानांत दुसरं काही म्हणून शिरत नाही. ठोसेघरला आपण कठड्याशी उभं राहून लांबून बघतो; इथे पाण्याच्या आत गेल्यासारखं होतं. बाहेर आल्यावर मामांनी फेटा पिळून काढला आणि तिकीट फाडणाऱ्या चोल बाईला त्याचं भलतंच हसू आलं.

ही बाई सरकारी नोकर नव्हे. धबधबा तिच्या गावाच्या एहिदोचा आहे. मेक्सिको समजून घ्यायचा तर हा एक शब्द पक्का करावा. एहिदो म्हणजे गावाची सामाईक जमीन. क्रांतीच्या काळात सापाता या पुढाऱ्याच्या शेतकऱ्यांनी जमिनीसाठी बंदुका उचलल्या, त्यातून 1917च्या राज्यघटनेत 27वं कलम आलं आणि पुढे 1934 ते 40 या काळात कार्देनास अध्यक्ष असताना मोठमोठ्या मळेवाल्यांच्या जमिनी काढून गावांना दिल्या गेल्या. कसणारा आपापला तुकडा कसतो. रान आणि पाणी सगळ्यांचं, कारभार गावसभेचा. जमीन विकायची मुभा मुळात नव्हती. 1992मध्ये सरकारने घटना बदलून ती वाट उघडली आणि चियापास पेटायला आणखी दोनच वर्षं लागली.

पुढचा आग्वा आझूल त्सेल्ताल गावकऱ्यांचा. पालेंकेपासून साठ-पासष्ट किलोमीटर. नावाचा अर्थच निळं पाणी. हा एक धबधबा नाही. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी सबंध नदी आहे आणि रंग मोरचुदाचा. मामांनी द्राक्षावर जन्मभर मोरचूद-चुना फवारलाय, त्यांनी पहिला प्रश्न तोच केला: "वर कुनी औषध धुतंय का काय?" औषध नाही, पण चुना बरोबर. हा सगळा मुलूख चुनखडीचा. पाण्यात विरघळलेला चुना उड्या मारताना साका होऊन बसतो, दगडावर, मुळांवर, पडलेल्या ओंडक्यावर. नदी आपले बांध आपणच बांधत जाते. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा, त्याला हा रंग येणार नाही. हंगामही उलटा. आपण आषाढ-श्रावणात ठोसेघर, ओझर्डे गाठतो. इथे पावसाळ्यात पाणी चहासारखं होतं, बघायचं ते या दिवसांत.

असे बांध हलतातही. 2017च्या सप्टेंबरात चियापासच्या किनाऱ्याजवळ 8.2चा भूकंप झाला आणि नोव्हेंबरात आग्वा आझूलच्या पायऱ्या एकाएकी कोरड्या दिसू लागल्या, पाणी दुसऱ्या फाट्याने निघालेलं. गावकऱ्यांनी फावडी घेऊन, दगड-ओंडके हलवून ते पुन्हा वळवलं. कोयनेच्या 1967च्या डिसेंबरातली पहाट मामांना आठवते. तासगावातही भांडी वाजली होती.

कोयनेची आठवण इथे दुसऱ्या कारणानेही येते. ग्रिहाल्वा नदीवरची मोठी धरणं चियापासमध्ये, वीज देशभर. आणि डोंगरातली वस्ती कित्येक वर्षं अंधारात. 1 जानेवारी 1994ला तोंडावर फडकी बांधलेले माया शेतकरी ओकोसिंगो, सान क्रिस्तोबालमध्ये घुसले. अमेरिकेबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार अमलात आला तो दिवस. लढाई बारा दिवस चालली, पण सापाताचं नाव घेतलेल्या या सापातिस्तांनी आपल्या गावांत स्वतःचा कारभार, स्वतःच्या शाळा, तंटे मिटवायच्या स्वतःच्या बैठका वर्षानुवर्षं चालवल्या. त्यांच्या हद्दीत पाट्या असतात: इथे हुकूम जनतेचा, सरकारने तो ऐकायचा. मी मामांना अर्थ सांगितला.

"म्हंजी कुंडलच की," मामा म्हणाले. त्यांचे वडील कुंडलच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेत होते. इंग्रजांविरुद्धच्या त्या प्रतिसरकारच्या गोष्टी मामा इतक्यांदा सांगतात की 1943 साली आपण स्वतः शेणोलीला रेल्वे अडवायला होतो असंच त्यांना वाटतं; जन्म पुढचा आहे.

हे सारं रम्य आहे असं मात्र मला लिहायचं नाही. दोरीमागे नेहमी केळीच असतात असं नव्हे. या रस्त्यावर कधी झाडं टाकून तासन्‌तास वाहतूक अडवतात, कधी लुटतात, म्हणून रात्री शहाणा माणूस इकडून जात नाही. वाट्यावरून शेजारशेजारच्या गावांत भांडणं होतात. कासच्या पठारावर आपल्या गावांची समिती शुल्क घेते तेव्हा आपणही कुरकुरतोच. फरक एवढा की चांदोली, कोयनेच्या रानातून आपण गावं उठवली आणि मग तिथे फाटक बसवलं. इथे फाटक गावाने बसवलंय आणि गाव त्याच्या आत राहतं. बाई तिथेच तव्यावर मक्याची भाकरी टाकते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला. चुना तंबाखूखेरीज आणखी कशासोबत खातात हे मामांना नवीन होतं. तीन भाकऱ्या खाल्ल्या, वर मिरची.

परतताना ऊन कलत होतं. त्याच गतिरोधकावर त्याच दोघी, तीच दोरी. मामांनी खिशातून घरच्या बेदाण्यांची पुडी काढली. चाफ्याचं फूल तिला चिकटून आलं, ते त्यांनी परत खिशात ठेवलं. थोरलीने एक बेदाणा उलटासुलटा बघून तोंडात टाकला, मग धाकटीला हाक मारली. धाकटी दोरीचं टोक न सोडता खिडकीपर्यंत आली. दोघींनी पुडी तिथेच उभ्या उभ्या संपवली, रिकामा कागद मामांच्या हातात परत दिला आणि दोरी पुन्हा ताणली. वीस पेसो दिले, तेव्हा ती खाली आली.