पडद्यावरून देवघरात

धुळ्यात संतोषी माता चौक आहे. जळगावकडच्या आजी-मावश्यांनाही या देवीचं शुक्रवारचं व्रत ठाऊक असतं. पण तिची कथा जुन्या पुराणांत सापडत नाही. सात भावांतला धाकटा परमुलखात जातो, मागे बायकोचा छळ होतो, व्रताने तिचे दिवस पालटतात, अशी ही छोट्या पोथीतली गोष्ट. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ चित्रपटाने ती घरोघरी नेली. अनिता गुहा पडद्यावर देवी झाल्या, प्रेक्षक चपला काढून चित्रपट पाहू लागले.

व्रताचे नियम सोपे: १६ शुक्रवार, गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य, आंबट वर्ज्य. त्या दिवशी आमटीत चिंच नाही, ताटात लिंबाची फोड नाही. फारसा खर्च नाही, भटजी लागत नाही. म्हणून कष्टकरी बायांना ते आपलं वाटलं. गोष्टीत स्वतःचं दुःख दिसलं, की श्रद्धा तिथेच रुजते.