दुकानातला हिशेब आणि वहीतले गणित

व्यापाऱ्याचे अर्धे भांडवल तिजोरीत असते आणि अर्धे त्याच्या तोंडी हिशेबात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, कर आणि वाहतूक या विषयांचा ऊहापोह दरसाल होतच असतो. यंदा या दुसऱ्या भांडवलाविषयी, म्हणजे आपल्या हिशेबाच्या विद्येविषयी, दोन शब्द लिहावयाचे योजिले आहे. हे भांडवल असे आहे की, ते वाटल्याने कमी होत नाही. मात्र आपण ते फारसे वाटलेले नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या पेढीवर एका हमालाचा मुलगा शाळा सुटल्यावर बापाजवळ येऊन बसत असे. एकशेचाळीस रुपये किलोचे अडीच किलो शेंगदाणे आणि एकशेसाठ रुपये किलोची पाऊण किलो तूरडाळ एवढे शब्द कानी पडताच तो चारशे सत्तर हा आकडा सांगून मोकळा होई आणि पाचशेच्या नोटेतून तीस रुपये परत द्यावयाचे, हेही सांगे. आमच्या दिवाणजींना त्याचे मोठे कौतुक वाटे. एके दिवशी सहज त्याची वही चाळली. बावन्नातून सदतीस वजा करावयाचे होते आणि उत्तर लिहिले होते पंचवीस. खालच्या सातातून वरचे दोन वजा करून पाच, आणि पाचातून तीन वजा करून दोन! गल्ल्यावर बावन्न रुपयांतून सदतीस घेऊन कोणाला पंचवीस परत देण्याची चूक या मुलाने जन्मात केली नसती. मी हसलो आणि वही मिटून त्याच्या हाती दिली. पुढे दहावीला तो गणितात नापास झाला व त्याने शाळा सोडली. त्या हसण्याची बोच आजही गेलेली नाही, कारण ती चूक दुरुस्त करावयास मला पाच मिनिटेही लागली नसती.

हा एकट्या मुलाचा दोष नव्हे, हे आता संशोधनानेही सिद्ध झाले आहे. २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०२५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची त्यांनी परीक्षा घेतली. मालाचा अवघड तोंडी हिशेब ही मुले बिनचूक करीत. परंतु शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या भागाकारापुढे त्यांतील बहुसंख्य मुले अडत. उलट, केवळ शाळेत जाणारी मुले कागदावरची उदाहरणे त्यांच्यापेक्षा चांगली सोडवीत, पण बाजाराचा हिशेब त्यांना साधत नसे. एकाच विद्येचे हे दोन काठ झाले असून मध्ये पूल नाही.

एके काळी हा पूल होता. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकून घेत असत. रुपयाचे सोळा आणे होते, त्यामुळे पाव आणि निम हे शाळेचेही माप होते आणि बाजाराचेही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक वजने आली आणि पावकी-दिडकी शाळेतून निघून गेली. दशमान पद्धती सोयीची आहे, याविषयी वाद नाही. परंतु बाजार आणि पाटी यांचा घरोबा त्या सुमारास तुटला, तो पुन्हा जुळला नाही. त्याही मागे पाहिले, तर इसवी सनाच्या नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला, त्यात व्याज, मिश्रण आणि वाटणी यांची उदाहरणे जागोजाग आहेत. बाराव्या शतकात राजादित्याने कन्नडात लिहिलेल्या ग्रंथाचे नावच मुळी ‘व्यवहारगणित’ आहे. आपल्या मुलखाला ही परंपरा परकी नाही.

आजची स्थिती काय आहे? ‘असर’ या ग्रामीण पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालानुसार देशातील पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्केच मुलांना तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता येते. ज्याच्या घरी ऐपत आहे, त्याचा मुलगा शिकवणीला जातो व उणीव भरून काढतो. हमालाच्या मुलाने किंवा निपाणीच्या तंबाखू वखारीत दिवसभर राबून परतणाऱ्या माउलीच्या मुलीने कोठे जावे? वर्गात दोन्ही मुले एकाच बाकावर बसतात, परंतु संध्याकाळी सहानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. विषमतेचा उगम या एका तासात आहे.

या तासाचा उपयोग कसा करता येतो, याचे उदाहरण मुंबईने घालून दिले आहे. १९९५ साली तेथे ‘प्रथम’ ही संस्था निघाली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतीलच शिकलेल्या मुली मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वेगळे बसवून रोज दोन तास शिकवीत. २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथे याची शास्त्रीय पाहणी झाली, तेव्हा जी मुले सर्वांत मागे होती, त्यांनाच अधिक लाभ झाल्याचे दिसून आले. मात्र उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या लाभाचा बराच भाग ओसरला, हेही ध्यानी घ्यावयास हवे. हे काम उद्घाटनाचे नसून सातत्याचे आहे.

शिकविण्याची रीत अवघड नाही. मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न विचारता त्याला काय येते, ते प्रथम पाहावे आणि तेथून आरंभ करावा. कागदाच्या शंभराच्या, दहाच्या व एकाच्या नोटा कराव्यात. बावन्नातून सदतीस द्यावयाचे, तर दोन सुट्ट्या रुपयांतून सात देता येत नाहीत. म्हणून दहाची एक नोट मोडावयाची. बारातून सात गेले, उरले पाच, चार दहांतून तीन गेले, उरला एक, उत्तर पंधरा. शाळा ज्याला हातचा म्हणते, त्याला आपण मोड म्हणतो, एवढाच काय तो फरक! ७३८ रुपये सहा जणांत वाटतानाही तेच. प्रत्येकास शंभराची एक नोट दिली, उरलेली एक मोडली. तेरा दहांतून प्रत्येकास दोन दिल्या, उरलेली एक मोडली. अठरा रुपयांतून प्रत्येकी तीन. एकशे तेवीस. हे हाताने केल्यानंतरच वहीत मांडावयास सांगावे.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मराठी मूल ‘त्रेचाळीस’ म्हणते, तेव्हा तीन आधी ऐकू येतात, पण लिहिताना चार आधी येतो. कन्नड मूल ‘नलवत्तमूरु’ म्हणते. तेथे चाळीस आधी, तीन मागाहून. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी जोड दिली गेली, तेव्हा मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना त्यामागचे कारण वारंवार समजावून सांगावे लागले. तो वाद बाजूस ठेवला, तरी मुलाची अडचण खरी आहे. ज्याच्या दुकानात दिवसभर दोन्ही भाषांत हिशेब चालतो, त्या व्यापाऱ्याइतका ती कोण जाणणार?

विद्येसाठी झिजण्याचा वारसा या भागास आहे. १९१६ साली बेळगावात सात तरुण शिक्षकांनी के. एल. ई. संस्थेचा पाया घातला. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. आपल्या समाजाने वसतिगृहांना, शाळांना सढळ हाताने देणग्या दिल्या आहेत. परंतु आज जे उणे आहे, ते पैशाने येणारे नाही. मुलाच्या शेजारी बसून त्याची वही पाहणारा माणूस हवा आहे.

आपल्यापैकी अनेकांचा चौविहार असतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपल्यावर संध्याकाळचा एक तास हाती राहतो. पेढीची माडी आहे, सतरंजी आहे, दिवा आहे. पेठेतील प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्याच हमालांच्या, दिवाणजींच्या आणि शेजाऱ्यांच्या पाच मुलांसाठी आठवड्यातून तीन दिवस हा तास राखून ठेवावा, एवढीच विनंती आहे. वही उघडल्यावर चूक दिसेल. ती पाहून कोणी हसू नये. दहाची नोट काढावी आणि मोडून दाखवावी.