पोटात गोळा येतो कुठून?

दोस्तांनो, कागलच्या गैबी पिराच्या उरसात आकाशपाळण्यात बसलाय ना? वर जाताना सगळे ऐटीत असतात. खाली उभ्या असलेल्या आजीला हात करायचा, फाइव्ह स्टार एमआयडीसीचे दिवे कुठल्या बाजूला दिसतात ते शोधायचं. आणि माथा ओलांडून पाळणा खाली यायला लागला, की आला पोटात गोळा! ऐट संपली. मोठी माणसंसुद्धा दांडी घट्ट धरतात.

मला या गोळ्याचं भारी कुतूहल आहे. हायवेवरून एसटी ताशी ८० किलोमीटरनं पळते, तेव्हा तो येत नाही. पाळणा जेमतेम सायकलीच्या वेगानं फिरतो, तरी येतो. म्हणजे हे काम वेगाचं नाही. मग कुणाचं?

एक प्रयोग करा. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीला तळाजवळ एक भोक पाडा. खिळा मोठ्या माणसाच्या हातात द्या. बाटलीत पाणी भरा, झाकण लावू नका. भोकातून धार लागेल. आता अंगणात स्टुलावर उभं राहून बाटली सरळ खाली सोडून द्या, आणि मित्राला मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. बाटली हवेत असेपर्यंत धार बंद! पाणी आत आहे, भोक उघडं आहे, तरी थेंब बाहेर येत नाही.

का? हातात धरलेल्या बाटलीत वरचं पाणी खालच्या पाण्यावर दाब देतं, म्हणून ते भोकातून बाहेर ढकललं जातं. बाटली पडते तेव्हा वरचं पाणी, खालचं पाणी आणि बाटली, सगळे एकाच वेगानं पडतात. कुणीच कुणावर रेलत नाही. दाब संपला, धार थांबली.

आता बाटलीच्या जागी स्वतःला ठेवा. तुमचं जठर, यकृत, आतडी पातळ पडद्यांनी पोटात अडकवलेली असतात. त्यांचं वजन रात्रंदिवस खाली ओढत असतं, पण त्याची इतकी सवय झालेली असते की ते जाणवतच नाही. पाळणा खाली सुटला की ती ओढ एकदम सैल पडते. तिथल्या नसा मेंदूला ताबडतोब खबर देतात. कानाच्या आत खोलवर कॅल्शियमचे बारीक कण असतात, तेही जागचे हलतात. दोन्हीकडून एकच बातमी येते: आपण पडतोय! हाच तो गोळा.

आकाशपाळण्यात वजन थोडंसंच कमी होतं. उंच मनोऱ्यावरून खुर्च्या सरळ खाली सोडतात, त्या राइडमध्ये ते क्षणभर जवळजवळ नाहीसं होतं. आणि १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा त्यांनी जवळजवळ ८ दिवस हेच अनुभवलं. पृथ्वी तिथंही ओढतच होती. पण त्यांचं यान आणि ते स्वतः पृथ्वीभोवती सतत एकत्र पडत होते, आपल्या बाटलीत पाणी पडत होतं तसेच.

या गोळ्यासाठीच माणसं लांबलांब जातात. आपल्याला सर्वात सोयीचं ठिकाण म्हणजे खोपोलीजवळचं इमॅजिका. २०१३ साली सुरू झालेल्या या पार्कात ‘नायट्रो’ नावाची रोलर कोस्टर आहे. गाडीला तळच नाही, पाय हवेत लोंबतात. आणि ऐका, गाडीला इंजिनही नाही! आपल्या शाहू साखर कारखान्यात केन कॅरिअरची चेन ऊस वर चढवते ना, तशीच एक चेन गाडीला सुमारे ४० मीटर उंच नेऊन सोडते. बास. पुढचं सगळं उंचीच्या जिवावर. खाली येईपर्यंत वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर झालेला असतो.

मग १०० चा वेग २०० करायला उंची दुप्पट करायची? नाही, चौपट करावी लागेल! जर्मनीतल्या रुस्ट गावच्या ‘युरोपा-पार्क’मध्ये ‘सिल्व्हर स्टार’ आहे. ती तब्बल ७३ मीटर उंच, पण तिचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपासच. गंमत म्हणजे ती आणि आपली नायट्रो, दोन्ही एकाच स्विस कंपनीनं बनवल्या आहेत.

उलटं फिरवणाऱ्या वळशाकडेही नीट बघा. तो गोल नसतो, वर निमुळता असतो, पाण्याच्या थेंबासारखा. गोल वळशात शिरताना मानेला जबरदस्त हिसका बसायचा. १९७६ साली वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यानं अमेरिकेतल्या एका कोस्टरसाठी असा निमुळता वळसा आखला, आणि पोरं हसत बाहेर यायला लागली.

एवढ्या वेगात गाडी रुळावर राहते कशी? चाकांचे तीन संच असतात. एक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक चक्क खालून. रूळ असा तिन्ही बाजूंनी पकडला की गाडी उलटी झाली तरी सुटत नाही. पण त्या चाकांच्या आसालाच चीर गेली तर?

इथं तुमच्या घरचं कुणी फाइव्ह स्टारमध्ये कामाला असेल, तर त्यांना ‘क्रॅक टेस्ट’बद्दल विचारा. मला तर ती कुठल्याही राइडइतकीच थरारक वाटते. लोखंडी भागात चुंबकत्व भरतात. त्यावर बारीक लोहकण मिसळलेलं द्रावण सोडतात. चीर असेल तिथं चुंबकत्व फुटून बाहेर येतं आणि कण तिथं गोळा होतात. मग अंधाऱ्या खोलीत जांभळा, अतिनील दिवा लावायचा. डोळ्याला एरवी न दिसणारी, केसाहून बारीक चीर हिरवीगार चमकून उठते! असा भाग बाजूला काढला जातो. इंजिनाचे भाग असे तपासतात, आणि कोस्टरचे आससुद्धा याच पद्धतीनं तपासतात. तुम्ही वर आरडाओरडा करत असता, त्याच्या आधी कुणीतरी अंधारात बसून एकेक भाग डोळ्यांखालून घातलेला असतो. ही माणसं मला फार मोठी वाटतात.

आता शेवटचं आणि सगळ्यात भांडणाचं: बसायचं कुठं?

पुढची रांग माथा ओलांडते, तेव्हा बाकीची गाडी मागं चढावरच असते, त्यामुळे पुढचे हळूच पलीकडे झुकतात. त्यांना पायाखालची सगळी दरी निवांत दिसते. अर्धी गाडी उताराला लागली की वेग वाढायला लागतो. शेवटची रांग माथ्यावर पोचते, तोवर पुढचं सगळं वजन तिला खेचत असतं, आणि मागचे अक्षरशः ओढून खाली फेकले जातात. म्हणून नजारा हवा असेल तर पहिली रांग धरा, गोळा हवा असेल तर शेवटची. दाराशी उंची मोजायची पट्टी असते, तिच्यात बसलात तरच. आणि नायट्रोच्या रांगेत उभे राहाल तेव्हा पायातली चप्पल आठवणीनं काढून ठेवा.