धूम्रपान सोडल्यानंतरची तलफ : मोह म्हणजे पराभव नव्हे

राखेच्या बुधवारी अनेक बंधू सिगारेट वा बिडी सोडण्याचा संकल्प करतात. काहींचा संकल्प ईस्टरनंतरही टिकतो. मात्र तीन-चार महिन्यांनी एखाद्या लग्नघरी चहाचा पेला हाती येताच तलफ पुन्हा उसळते. 'इतकी प्रार्थना करूनही इच्छा मेली नाही, म्हणजे माझी श्रद्धाच उणी आहे,' अशी खंत मनाला लागते. ही खंत निराधार आहे. शिवाय पुष्कळदा तीच माणसाला पुन्हा व्यसनाकडे लोटते.

निकोटिन धुरावाटे काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि सुखाची भावना जागविते. धूम्रपान थांबविल्यावर होणारी चिडचिड, बेचैनी व झोपमोड पहिल्या आठवड्यात तीव्र असते आणि बहुधा २ ते ४ आठवड्यांत ओसरते. निकोटिन तर काही दिवसांतच शरीराबाहेर पडते. मागे उरते ती आठवण. चहा, जेवण, मानसिक ताण, मित्रांची संगत यांच्याशी मेंदूने सिगारेटची सांगड घातलेली असते. म्हणूनच कित्येक महिन्यांनीही तलफ येते. परंतु ती सहसा काही मिनिटांतच विरते आणि दाद न दिल्यास हळूहळू क्षीण होत जाते.

तलफ आली की घड्याळ पाहून दहा मिनिटे थांबावे. जागा सोडून चालावे, घोट घोट पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा. जपमाळेचे एखादे रहस्य शांतपणे म्हणावे. तेवढ्या अवधीत तलफेचा जोर बहुधा उतरू लागतो. धूम्रपान सोडल्यावर शरीरातील कॅफिन सावकाश उतरते, त्यामुळे पूर्वीइतकीच कॉफी अधिक अस्वस्थ करते. म्हणून चहा-कॉफी कमी करावी. गरज भासल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने २ वा ४ मिलिग्रॅमचा निकोटिन च्युइंगम घ्यावा. तो सतत न चघळता थोडा चावून गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावा. त्याआधी १५ मिनिटे चहा, कॉफी वा फळांचा रस घेऊ नये. सिगारेटऐवजी मशेरी, तंबाखू वा गुटखा मुळीच धरू नये. त्यांतही निकोटिन असून तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. 'एकच झुरका' हीदेखील फसवणूक होय. १८००-११-२३५६ या शासकीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेद २२९० तंबाखूच्या अतिरेकापासून दूर राहण्यास सांगतो. मात्र मोह होणे हे पाप नव्हे, त्याला संमती देण्याचा प्रश्न वेगळा. अरण्यात प्रभू येशूलाही मोहाला सामोरे जावे लागले. डब्लिनचे मजूर मॅट टॅल्बट यांनी १८८४ साली दारू सोडताना प्रथम केवळ तीन महिन्यांची शपथ घेतली. पुढे ती आजन्म पाळली. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली त्यांना 'वंदनीय' घोषित केले. आपणही आजच्या दिवसापुरता संकल्प करावा.

एखादे वेळी पाय घसरलाच तर सारे संपले असे मानू नये. प्रभूची क्षमा मागून त्याच दिवशी पुन्हा आरंभ करावा. घरच्यांनीही टोमणे न मारता धीर द्यावा. एका वर्षाच्या संयमाने धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. पवित्र आत्मा आपणां सर्वांस हे बळ देवो.