पिकअपची भारक्षमता आणि खडतर वाट
पिकअप गाडीचे कमाल अनुज्ञेय एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतील फरक म्हणजे तिची भारक्षमता. चालक, प्रवासी, सामान आणि ट्रेलरचा जोडणीवर येणारा दाब हे सारे तिच्यातच मोजले जाते. अमेरिकेतील रॅम 2500 योग्य रचनेत 1,500 किलोहून अधिक भार वाहते. तिचेच खडतर वाटांसाठीचे रूप, पॉवर वॅगन, मात्र सुमारे 700 किलोच. खडकांवर चाके जमिनीला धरून राहावीत म्हणून तिच्या स्प्रिंगा मऊ ठेवतात. तिच्या पुढच्या भागात बसवलेल्या विंचचे (अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचे) वजनही क्षमतेतून वजा होते. चार धिप्पाड माणसे बसली की निम्मी क्षमता संपते. नंतर जाड स्प्रिंगा बसवल्या तरी निर्मात्याने ठरवलेली मर्यादा वाढत नाही. म्हणून खरेदीपूर्वी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला आकडा अवश्य वाचावा.