उरलेल्या आमिषाचे काय?

पावसाचा पहिला जोर ओसरून ओढ्याचे पाणी जरा निवळले, की गावोगावची मुले गळ घेऊन काठावर बसलेली दिसतात. हातात बांबूची काठी, शेजारी ओल्या मातीत गांडुळे भरलेला डबा. संध्याकाळी घरी परतताना उरलेली गांडुळे तिथेच उपडी केली जातात. ज्या मातीतून ती खणून काढली त्याच मातीत ती परत जातात. कुणाचे काही बिघडत नाही. पण डब्यातला प्राणी दूरच्या, वेगळ्याच पाण्यातला असेल तर? अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन, मिनेसोटा या राज्यांना या साध्या प्रश्नाचे उत्तर फार महागात पडले. तिथल्या डब्यात गांडूळ नव्हते, क्रेफिश होता.

नावात ‘फिश’ असले तरी क्रेफिश हा मासा नव्हे. कोळंबी, खेकडा यांच्याच दशपाद गणातला तो गोड्या पाण्यातील प्राणी. आपल्या कोकणातली शेवंड लहान करून तिला दोन भक्कम नांग्या लावल्या, तर क्रेफिशची बरीचशी कल्पना येईल. जगात त्याच्या सहाशेहून अधिक जाती आहेत. भारतात मात्र एकही मूळची नाही. म्हणून त्याला रूढ मराठी नावही नाही.

तो आमिष म्हणून का चालतो, हे समजून घेण्यासारखे आहे. स्मॉलमाउथ बास या शिकारी माशाचे ते नेहमीचे खाद्य. धोका जाणवला की क्रेफिश शेपटी पोटाखाली जोरात दुमडतो आणि झटक्यासरशी मागे उडी घेतो. या उडीसाठी त्याच्या चेतासंस्थेत खास जाड तंतू असतात. तंतू जितका जाड तितका संदेश वेगाने जातो. गळ शेपटीत अडकवला तर दोरी ओढली जाताच क्रेफिश मागे मागे जातो, म्हणजे अगदी पळणाऱ्या क्रेफिशसारखाच दिसतो. मासा फसतो.

नुकतीच कात टाकलेला मऊ क्रेफिश तर माशांना विशेष आवडतो. वाढताना त्याला जुने कवच टाकावे लागते. त्याआधी तो कवचातले थोडे कॅल्शियम काढून घेऊन जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या चकत्यांच्या रूपात साठवतो. नवे कवच कडक करायला हाच साठा उपयोगी पडतो. गोड्या पाण्यात कॅल्शियम समुद्राच्या मानाने कमी, तेव्हा ही काटकसर गरजेचीच.

आता मूळ गोष्टीकडे वळू. ‘रस्टी क्रेफिश’ ही जात ओहायो नदीच्या खोऱ्यातली. पाठीच्या कवचावर दोन्ही बाजूंना गंजासारखा एकेक डाग असतो. जणू रंगाने माखलेल्या चिमटीत कुणी त्याला उचलले होते. १९६० च्या सुमारास ही जात विस्कॉन्सिनमध्ये आली आणि पुढे तळ्यामागून तळी व्यापू लागली. ती चालत चालत आली असेल का? त्या राज्यातील ट्राउट लेक या तळ्यात १९७९ मध्ये ती प्रथम आढळली. संशोधकांनी तिथे तिच्या प्रसाराची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. किनाऱ्याने पसरण्याचा तिचा सरासरी वेग वर्षाला ०.६८ किलोमीटर भरला. ओहायोकाठच्या सिनसिनाटी शहरापासून हे तळे सरळ रेषेत ८५० किलोमीटरहून दूर आहे. भागाकार वर्गातच करून पाहावा: बाराशेहून अधिक वर्षे! मधे कोरडी जमीन आहे ती वेगळीच. मग काही दशकांत हे अंतर कसे कापले गेले? मुख्यतः मासेमारीला निघालेल्यांच्या बादलीतून.

इथे कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. दिवसअखेर बादलीत चार-दोन क्रेफिश उरले; मारायचे जिवावर आले, म्हणून पाण्यात सोडले. एवढेच. पण मादीचा मिलनकाळ बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदात असतो, आणि मिळालेले शुक्राणू ती वसंतापर्यंत शरीराशी साठवून ठेवते. अंडी ८० पासून ५७५ पर्यंत. म्हणजे नर नसला तरी दया करून सोडलेली एकच मादी नव्या तळ्यात वसाहत सुरू करू शकते.

पुढे काय होते? ही जात खादाड आणि आक्रमक आहे. ती पाणवनस्पतींची कुरणे कापून फस्त करते. माशांची पिल्ले याच कुरणांत लपून वाढतात; ती उघडी पडतात. माशांची अंडीही ती खाते. स्थानिक क्रेफिशना ती बिळांतून हुसकावते. मासा समोर आला तर स्थानिक क्रेफिश पळ काढतो आणि पकडला जातो. रस्टी मात्र नांग्या उगारून उभा राहतो आणि बऱ्याचदा वाचतो. मासे मिळावेत म्हणून आणलेल्या आमिषानेच माशांचे घर मोडले.

हे दुरुस्त करता येते का? विस्कॉन्सिनच्या ६४ हेक्टरच्या स्पार्कलिंग लेकमध्ये २००१ ते २००८ या काळात तसा प्रयोग झाला. सापळे लावून मोठे क्रेफिश काढले. पण सापळ्यात लहान सापडत नाहीत. म्हणून क्रेफिश खाणाऱ्या बास माशांच्या मासेमारीवर निर्बंध घातले; लहानांचा समाचार माशांनी घेतला. सापळ्यांत येणारे क्रेफिश सुमारे ९९ टक्क्यांनी घटले, वनस्पती पुन्हा वाढल्या. मात्र एका छोट्या तळ्यासाठी आठ उन्हाळे खर्ची पडले. अशी तळी हजारो आहेत. तेव्हा खरा उपाय आधीचाच. मिनेसोटात क्रेफिश ज्या पाण्यात पकडला त्याच पाण्यात आमिष म्हणून वापरता येतो. उरलेले आमिष काठावर टाकूनही भागत नाही, कारण कल्ले ओले असेपर्यंत क्रेफिश हवेत जगतो आणि रांगत पाणी गाठतो. ते पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायचे असते.

आणखी एक धागा थेट आपल्या व्यवसायाशी येऊन भिडतो. प्रयोगशाळांना प्राणी पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांकडून अमेरिकेतील शाळांनाही रस्टी क्रेफिश मिळत असत. पाठ संपल्यावर ते जवळच्या ओढ्यात सोडले जाण्याचा धोका असल्याने तिथे शिक्षकांनाही सावध केले जाते.

आपल्याकडे क्रेफिशचा हा प्रश्न या रूपात नाही, पण धडा लागू आहे. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर भारतात २००० साली बंदी आली, ती याच जातीच्या काळजीतून. वर्गातल्या काचपेटीतील मासा, गोगलगाय किंवा पाणवनस्पती वर्षअखेर नको झाली, की आपण म्हणतो, ‘जा रे, विहिरीत सोडून ये.’ असे सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांनाच एक प्रश्न विचारू: हा जीव मूळचा कुठला? उत्तर ठाऊक नसेल तर तो आपण पाण्यात सोडायचा नाही. सांभाळेल अशा माणसाकडे द्यायचा. सुटका करतानाही आपण कोणाच्या घरात कोणाला सोडतो आहोत, हे पाहावे लागते.